स्पेनच्या द्राक्षांची गोष्ट, पाच पेल्यांत



जून महिन्यात आपल्या मंडळातले आम्ही अकरा जण ड्रेस्डेनच्या नॉयस्टाट भागातल्या एका छोट्या वाइनच्या दुकानात स्पॅनिश वाइनची ओळख करून घ्यायला गेलो होतो. संपादकांनी त्याचा 'वृत्तांत' मागितला. पण लिहायला बसले तेव्हा वृत्तांत दोन ओळींत संपला आणि इतिहासच पानभर होऊ लागला. तेव्हा जे झाले ते वाचकांनी गोड मानून घ्यावे.

आधी एक कबुली. हा कार्यक्रम ठरवताना मंडळात बरीच चर्चा झाली. "गणपती, दिवाळी, कोजागिरी ठीक आहे, आता हेही?" असा प्रश्न आला आणि तो चुकीचा नव्हता. आपल्यापैकी बहुतेकांच्या आईवडिलांच्या घरात दारू हा शब्दही हळू आवाजात उच्चारला जाई. १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा आणि त्यातले ते परमिट ज्यांना आठवते, त्या पिढीला 'वाइन चाखण्याचा वर्ग' ही गोष्ट पटणे कठीणच. त्यात माझे वडील, तात्या, त्याच सुमारास तासगावहून आमच्याकडे आले होते. तात्या माळकरी. पंचेचाळीस वर्षे द्राक्षबाग केली, पण द्राक्षाचा आंबलेला रस कधी ओठाला लावला नाही. त्यांना घरी एकटे कसे ठेवायचे या विचाराने मीच जाणे रद्द करणार होते. तेच म्हणाले, "अगं, द्राक्षाचीच गोष्ट ना? मग मी येतो. वास घ्यायला माळ आडवी येत नाही."

ते आले हे बरे झाले. कारण त्या संध्याकाळी खरे प्रश्न त्यांनीच विचारले.

ज्यांनी असा कार्यक्रम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात रीत सांगते. पेल्यात जेमतेम दोन-तीन घोट ओततात. आधी पेला पांढऱ्या कागदासमोर धरून रंग पाहायचा. मग पेला हलकेच फिरवून वास घ्यायचा. मग छोटा घोट तोंडात घोळवायचा आणि हवे तर समोरच्या भांड्यात थुंकायचा. ती पिकदाणीच म्हणा ना! मध्ये पाव आणि पाणी. हलक्यापासून सुरुवात करून जड, गोड वाइनकडे जायचे. सांगणाऱ्या बाई इथल्याच, साठीच्या आसपासच्या. त्या प्रत्येक पेल्याबरोबर त्या गावाचा इतिहास सांगत होत्या, मी हळू आवाजात तात्यांना मराठीत सांगत होते.

पहिला पेला : कावा

पहिला पेला फेसाळणारा. बार्सिलोनाजवळच्या पेनेदेस भागातला कावा. कावा म्हणजे तळघर. शॅम्पेन ज्या पद्धतीने करतात तीच पद्धत, म्हणजे दुसऱ्यांदा आंबण्याची क्रिया बाटलीतच होते आणि त्यातून बुडबुडे तयार होतात. निदान नऊ महिने बाटली तशीच पडून राहते. सान सादुर्नी नावाच्या गावात कोदोर्न्यू घराण्याच्या जुसेप राव्हेंतोस यांनी १८७२ साली अशी पहिली वाइन केली. आपल्या शेजारच्या राडेबॉइललाही अशा फेसाळ वाइनचा कारखाना १८३६ पासून होता, ही माहिती मला नवीन होती.

पुढे बाई म्हणाल्या, "आणि मग १८८७ साल उजाडले. त्या साली सान सादुर्नीच्या मळ्यांत फिलॉक्सेरा सापडला. योगायोग असा की त्याच साली ऑगस्टमध्ये तो इथे, राडेबॉइलच्या ल्यॉसनित्स भागातही सापडला."

फिलॉक्सेरा म्हणजे वेलीच्या मुळांवर जगणारी, डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिवळसर ऊ. ती मूळची उत्तर अमेरिकेतली. तिथल्या रानवेलींना तिची सवय असल्यामुळे त्या तग धरतात. पण १८६० च्या दशकात अमेरिकन वेलींबरोबर ती युरोपात आली आणि युरोपच्या वेली उभ्या उभ्या वाळू लागल्या. वर पाहावे तर पाने पिवळी, खाली उकरावे तर मुळे कुजलेली. स्पेनमध्ये ती १८७८ साली दक्षिणेकडून मालागाला आणि पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या सरहद्दीवरून कातालोनियात शिरली.

तात्यांनी हातातला पेला खाली ठेवला आणि मला म्हणाले, "विचार त्यांना. दोन्हीकडच्या लोकांनी मग काय केलं?"

हा प्रश्न त्यांनी का विचारला ते मला ठाऊक होते. गेली काही वर्षे आमच्या भागात ऑक्टोबर छाटणीनंतर अवेळी पाऊस येतो. फुलोऱ्यातला घड कुजतो, गळतो. औषधांचा खर्च वाढतो, बँकेचे हप्ते थांबत नाहीत. अनेकांनी बागा तोडल्या. माझा भाऊ दोन वर्षांपासून म्हणतो आहे, "तात्या, बाग काढू या." तात्या हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. ते इकडे आले त्यातही 'जरा विचार करायला वेळ मिळेल' हा हेतू होताच.

दोन गावे, दोन उत्तरे

बाईंनी तिथे सांगितलेले आणि मी नंतर वाचून काढलेले असे दोन्ही इथे एकत्र देते.

एल्बेच्या काठी द्राक्षे फार जुनी. सॅक्सनीत द्राक्षमळ्यांचा पहिला लेखी उल्लेख ११६१ सालचा आहे. तरी १८८७ पर्यंत इथला धंदा आधीच खालावला होता. रेल्वेने दक्षिणेकडची स्वस्त आणि चांगली वाइन येऊ लागली होती. ड्रेस्डेनच्या श्रीमंतांना बंगल्यांसाठी त्याच उतारांवरची जमीन हवी होती. अशा वेळी फिलॉक्सेरा आला. सरकारने कडक धोरण घेतले. रोग सापडेल तिथल्या वेली उपटून जाळायच्या, जमिनीत कार्बन डायसल्फाइड सोडायचे. अनेकांनी पुन्हा वेली लावल्याच नाहीत. कुणी स्ट्रॉबेरी लावली, कुणी फळझाडे, कुणी जमीनच विकली. विसाव्या शतकात कलमी वेली लावून काही उतार पुन्हा हिरवे झाले. तरी आज सगळ्या सॅक्सनीत मिळून द्राक्षाखाली सुमारे ५०० हेक्टर आहेत. आपल्या एकट्या तासगाव तालुक्यात याच्या कितीतरी पट द्राक्षे असतील.

सान सादुर्नीचे लोक दुसऱ्या वाटेने गेले. गावात तेव्हा काही अभ्यासू जमीनदार आणि शिकलेली माणसे होती. लोक त्यांना गमतीने 'ग्रीसचे सात शहाणे' म्हणत. त्यांनी फ्रान्समध्ये सिद्ध झालेला उपाय उचलला : अमेरिकन वेलीचे खुंट लावायचे आणि त्यावर आपल्या द्राक्षाचे डोळे कलम करायचे. मुळे अमेरिकेची, फळ आपले. नव्याने लागवड करताना शारेल्लो, माकाबेओ आणि पारेयादा या तीन स्थानिक पांढऱ्या जातींवर भर दिला गेला. कावाची चव आजही मुख्यतः या तीन जातींची आहे. म्हणजे आम्ही जे चाखत होतो तो एका रोगराईतून निघालेला मार्ग होता.

तात्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. खुंट हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. आपल्याकडे १९९० च्या दशकापासून 'डॉगरीज' खुंट पसरला, तोही टेक्सासकडच्या रानवेलीचाच. आपण तो मुख्यतः पाण्याची टंचाई आणि खारवट जमीन यांसाठी लावला, पण तत्त्व तेच. तासगावची तासगणेश, पेनेदेसची शारेल्लो आणि राडेबॉइलची रीसलिंग, बहुतेक ठिकाणी तिघीही अमेरिकन पायांवर उभ्या आहेत!

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि ती इथेच संपवली तर ती खोटी होईल. पेनेदेसमध्ये जमीन एकाची आणि वेली दुसऱ्याच्या, अशी जुनी वहिवाट होती. तिचे नाव 'राबासा मोर्ता', म्हणजे मेलेला बुंधा. कुळाने मालकाच्या पडीक जमिनीवर द्राक्ष लावायचे, पिकाचा वाटा मालकाला द्यायचा आणि वेली जिवंत असेपर्यंत जमीन कसायची. लावलेल्या वेलींपैकी ठरावीक भाग, बहुधा दोन-तृतीयांश, मेल्या की करार संपला. कुळे हुशार होती. वेल म्हातारी झाली की तिची फांदी मातीत दाबून नवे मूळ फोडत, म्हणजे आपले दाब कलम, आणि करार पिढ्यान्‌पिढ्या चाले.

फिलॉक्सेराने एका फटक्यात सगळे बुंधे मारले. त्याबरोबर करारही मेले. मालक म्हणू लागले, जमीन परत द्या. नव्या कलमी वेलीचे आयुष्यही कमी, आणि तिची फांदी मातीत दाबली तर फुटणारे मूळ अमेरिकन नसते, पुन्हा ऊ लागते. म्हणजे दाब कलमाची युक्तीही गेली. या कुळांनी १९२२ मध्ये आपली संघटना काढली. १९३४ मध्ये कातालोनियाच्या विधिमंडळाने त्यांच्या बाजूने कायदा केला, तो त्याच वर्षी माद्रिदच्या न्यायालयाने रद्द ठरवला. या वादाने सगळा देश ढवळून निघाला आणि दोनच वर्षांनी यादवी युद्ध पेटले. त्या युद्धाची कारणे अनेक होती, पण जमिनीचा प्रश्न त्यांतला मोठा होता.

हे ऐकताना तात्या गप्प झाले. आमची जमीन माझ्या पणजोबांनी कूळ म्हणून कसली आणि १९४८ च्या कूळकायद्याने, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर ती आमच्या नावावर झाली. तात्या एवढेच म्हणाले, "आपल्याला कायदा लाभला. त्यांना नाही."

दुसरा पेला : फिनो

दुसरा पेला दक्षिणेकडच्या हेरेस गावचा. या गावाचे अरबी काळातले नाव शेरीश, त्यावरून इंग्रजांनी केले शेरी. १५८७ मध्ये फ्रान्सिस ड्रेकने कादिस बंदरावर छापा घातला आणि सुमारे २९०० पिंपे शेरी पळवून नेली. तेव्हापासून इंग्रजांना तिचे वेड लागले असे सांगतात.

फिनो ही कोरडी, फिकट, १५ टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असलेली शेरी. पिंप पूर्ण भरत नाहीत. वरच्या मोकळ्या जागेत यीस्टचा पांढरा थर धरतो आणि तो वाइनला हवेपासून सांभाळतो. लोणच्याच्या बरणीत असा थर दिसला तर आपण बरणीच टाकून देऊ! पिंपे एकावर एक रचलेली असतात. खालच्या ओळीतून थोडी वाइन काढायची, तेवढी वरच्या ओळीतून भरायची, अशी साखळी. त्यामुळे तळाच्या पिंपात फार जुन्या वाइनचाही अंश राहतो. बाईंना ही 'सोलेरा' पद्धत समजावून सांगायला बराच वेळ लागत होता. आमच्यातल्या एक ताई पटकन म्हणाल्या, "अहो, हे तर विरजण!" मग मात्र सगळ्यांना समजले. आपल्यापैकी किती घरांत वर्षानुवर्षे तेच विरजण चालू आहे, आठवा बरे.

चव मात्र कुणालाच फारशी आवडली नाही. खारे बदाम आणि ओली भिंत, असा एकमताने निर्णय झाला.

तिसरा आणि चौथा पेला : रिओहा

तिसरा आणि चौथा पेला तांबड्या वाइनचा, दोन्ही उत्तर स्पेनमधल्या रिओहाच्या. द्राक्ष मुख्यतः टेंप्रानियो. 'तेंप्रानो' म्हणजे लवकर, ही जात लवकर पिकते म्हणून हे नाव. नाशिक जिल्ह्यात दिंडोरीजवळ चारोसा इथेही या द्राक्षाची वाइन केली गेली होती, हे ऐकून बाईंना फार नवल वाटले.

रिओहाचे भाग्य उजळले ते फ्रान्सच्या दुर्भाग्याने. १८७५ साली फ्रान्समध्ये सुमारे ८ कोटी ४० लाख हेक्टोलिटर वाइन झाली होती. १८८९ पर्यंत फिलॉक्सेरामुळे ती सुमारे २ कोटी ३० लाखांवर आली. बोर्दोचे व्यापारी माल शोधत रिओहात आले. बोर्दोची २२५ लिटरची ओक लाकडाची पिंपे तिथे आधीच पोहोचली होती, आता ती सगळीकडे पसरली. आरो गावच्या रेल्वे स्टेशनाभोवती १८७७, १८७९ अशा सालांत मोठी तळघरे उभी राहिली, म्हणजे पिंप थेट गाडीत चढवता यावे. १८८२ च्या करारात फ्रान्सने जकात कमी केली. दहा वर्षे सोन्याची गेली. १८९२ मध्ये करार संपला आणि १८९९ मध्ये ती ऊ रिओहातही पोहोचली.

तात्या हे ऐकून म्हणाले, "नाशकात गारपीट झाली की आमच्याकडे भाव चढायचा. आनंद व्हायचा आणि लाजही वाटायची. पुढच्या वर्षी गार आमच्याकडे."

बाटलीवरचे शब्द कसे वाचायचे तेवढे इथे देते, दुकानात उपयोगी पडेल. तांबड्या रिओहावर 'क्रियान्सा' असेल तर निदान २ वर्षे मुरलेली, 'रेसेर्वा' असेल तर ३, 'ग्रान रेसेर्वा' असेल तर ५. पहिल्या दोहोंत त्यांतले निदान १ वर्ष लाकडी पिंपात आणि तिसरीत २ वर्षे. आम्ही क्रियान्सा आणि ग्रान रेसेर्वा शेजारी शेजारी ठेवून चाखल्या. पहिलीत ताज्या फळाचा वास, दुसरीत चामडे, तंबाखू आणि व्हॅनिला. फरक माझ्यासारखीलाही कळला. हे एकटीने पुस्तक वाचून कळले नसते.

इथे कुणीतरी विचारले, "पूर्व जर्मनीच्या काळात इथे स्पॅनिश वाइन मिळायची का?" बाई हसल्या. त्यांच्या घरी सणाला बल्गेरियाची गोड कादार्का किंवा हंगेरीची तांबडी वाइन असे. पण, त्या म्हणाल्या, वाइनच्या आधी ड्रेस्डेनला स्पॅनिश माणसे आली होती.

ही हकिकत आपण स्थलांतरितांनी माहीत करून घ्यावी अशी आहे. १९३९ मध्ये यादवी युद्ध हरल्यावर लाखो लोक सरहद्द ओलांडून फ्रान्समध्ये गेले. त्यांतल्या स्पॅनिश कम्युनिस्टांना फ्रान्सने सप्टेंबर १९५० मध्ये एकाएकी पकडून देशाबाहेर काढले. त्यांतल्या काहींना पूर्व जर्मनीने ड्रेस्डेनमध्ये आसरा दिला, मागून त्यांची बायकामुले आली. बॉम्बवर्षावाला तेव्हा जेमतेम साडेपाच वर्षे झाली होती, शहर अजून मोडकळलेले. भाषा येत नाही, थंडी सोसत नाही, आणि सगळ्यांना वाटे की फ्रँको जाईल आणि आपण वर्षा-दोन वर्षांत घरी जाऊ. फ्रँको मेला १९७५ मध्ये. त्याआधीच, १९७३ साली, ज्या सरकारने त्यांना आसरा दिला होता त्यानेच फ्रँकोच्या स्पेनशी राजनैतिक संबंध जोडले. तोवर मुले इथल्या शाळांत वाढून जर्मन झाली होती. 'दोन वर्षांनी परत जाऊ' हे वाक्य आपल्यापैकी किती जणांनी उच्चारले आहे, ते मी वेगळे सांगायला नको.

पाचवा पेला : पेद्रो हिमेनेझ

शेवटचा पेला काळपट, काकवीसारखा दाट. पेद्रो हिमेनेझ हे द्राक्षाचेच नाव. पेटर सीमेन्स नावाच्या एका शिपायाने ही वेल जर्मनीहून नेली, अशी जुनी दंतकथा आहे. ती ऐकायला छान आहे, पण खरी नाही. वेलीच्या गुणसूत्रांच्या तपासणीत तिचे नाते अरबांच्या काळातल्या एका खायच्या द्राक्षाशी निघाले.

तात्यांनी पेला नाकाशी नेला. डोळे मिटले. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "बेदाणा."

मी बाईंना सांगितले. त्या चकितच झाल्या, कारण हे सांगायचे त्यांनी शेवटी राखून ठेवले होते. ही द्राक्षे तोडल्यावर चटयांवर उन्हात पसरून सुकवतात आणि मग तो अर्धवट बेदाणाच पिळून वाइन करतात. मग तात्यांचा वर्ग सुरू झाला. आपण उन्हात नाही, शेडमध्ये जाळ्यांवर सावलीत सुकवतो, त्याने रंग हिरवट-पिवळा राहतो. आधी द्रावणात घड बुडवतो, म्हणजे साल लवकर पाणी सोडते. मी भाषांतर करत होते, बाई वहीत लिहून घेत होत्या. अकरा जणांत एक थेंबही न चाखलेला माणूस त्या दिवशी सर्वांत जास्त शिकवून गेला.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी हट्टच धरला, म्हणून आम्ही एस-बान गाडीने राडेबॉइलला गेलो. तिथल्या एका स्टेशनाचे नावच 'वाइनट्राउबे', म्हणजे द्राक्ष. १८३८ मध्ये ड्रेस्डेनहून निघालेली पहिली आगगाडी इथपर्यंतच येत असे. तिथून चढण चढून होफल्यॉसनित्सला गेलो. १६५० मध्ये बांधलेला राजाचा मळ्यातला वाडा आज द्राक्षशेतीचे संग्रहालय आहे. तात्यांना संग्रहालयात रस नव्हता. ते बाहेरच्या वेलींपाशी ओणवे झाले आणि एका बुंध्यावर बोट ठेवून म्हणाले, "ही बघ कलमाची गाठ." जमिनीच्या जरा वर फुगीर गाठ होती. मी दर उन्हाळ्यात त्या वाटेने फिरायला जाते, मला ती कधी दिसली नव्हती.

रात्री त्यांनी भावाला फोन लावला. खालच्या पाणथळ तुकड्यातली बाग काढायची, वरच्या मुरमाड रानातली ठेवायची आणि तिच्यावर एक वर्ष प्लॅस्टिकचे आच्छादन घालून पाहायचे, असे काहीतरी ठरले. "सगळी काढायची म्हणजे इथल्यासारखं होईल," ते म्हणाले, "आणि सगळी ठेवायची म्हटली तर कर्ज. बघू." ते बरोबर ठरेल की नाही ते येत्या मोसमात कळेल.

मंडळाला एक सूचना. असा कार्यक्रम पुन्हा करावा, आणि न पिणाऱ्यांसाठी द्राक्षाचा रस व शेवटी तासगावचा बेदाणा ठेवावा. बेदाणा आमच्याकडून.

चूकभूल द्यावी घ्यावी.

— एक सभासद